मुलांस गांव कसें दाखवावें?

(एका पालकाचे विचार)

दिवाळीची सुट्टी लागली कीं आमच्या करवीर नगरींत पाहुण्यांची एकच गर्दी होते. पुण्या-मुंबईकडील आप्तेष्ट मुलांबाळांसह येतात आणि "कोल्हापूर दाखवा" असें टुमणें यजमानामागें लागतें. मग पहाटे पांचास उठावयाचें, अंबाबाईच्या देवळापुढील रांगेंत उभें राहावयाचें, तेथून मोटार जोतिबाच्या डोंगराकडे वळवावयाची, तीच दुपारपर्यंत पन्हाळ्यावर न्यावयाची, सायंकाळीं रंकाळ्यावर भेळ खावयाची आणि रात्रीं अंथरुणावर पडतां पडतां "झालें बुवा एकदांचें सगळें पाहून" असा सुस्कारा सोडावयाचा. या क्रमांत आजवर कोणास कांहीं वावगें दिसलेलें नाहीं. मलाही दिसलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं एका लहानशा प्रसंगानें तें दिसलें, म्हणून शाळेच्या या वार्षिकांतून पालकबंधुभगिनींपुढें व विद्यार्थिमित्रांपुढें चार शब्द मांडण्याचें धाडस करीत आहें.

माझी थोरली बहीण ठाण्यास असते. त्या दिवाळींत ती आपल्या दोन मुलांस घेऊन आमच्याकडे आली होती. भाचा तेव्हां बारा वर्षांचा होता व भाची आठ वर्षांची. वर वर्णिलेल्या क्रमाप्रमाणें आम्ही दुपारीं पन्हाळ्यावर पोहोंचलों. सज्जा कोठी, अंधार बाव, अंबारखाना, तीन दरवाजा अशी यादी माझ्या खिशांत होती, आणि प्रत्येक स्थळास मीं वीस मिनिटें नेमून दिलीं होतीं. अंबारखान्याच्या गंगा कोठींत शिरतांच बाहेरचें ऊन संपलें आणि गारवा व काळोख अंगावर आला. या कोठीच्या छतास भोकें आहेत. पूर्वीं त्यांवाटें वरून धान्य आंत ओतीत असत. अशाच एका भोकांतून उजेडाचा तिरपा पट्टा खालीं उतरला होता. भाची त्या पट्ट्यांत जाऊन बसली, मग चक्क उताणी निजली, आणि म्हणाली, "मामा, हें सगळं भरलेलं धान्य संपायला किती दिवस लागत असतील? आणि उंदीर नसतील का येत?"

प्रश्न किती मार्मिक होता, पाहा! १६६० सालीं सिद्दी जौहराचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत या गडास पडला होता. खुद्द शिवाजी महाराज आंत अडकले होते. त्या दिवसांत गडावरील प्रत्येक माणसाच्या मनांत हाच प्रश्न असला पाहिजे. दहा हजार चौरस फुटांहून अधिक जागा व्यापणाऱ्या त्या कोठींत उभें राहून एका आठ वर्षांच्या मुलीनें इतिहासाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेविलें होतें. आणि मीं काय केलें? घड्याळ पाहिलें. "ऊठ, कपडे मळतील, तीन दरवाजा अजून राहिला आहे" असें म्हणून तिचा हात धरला व तिला ओढीत बाहेर आणलें.

रात्रीं मीं मोठ्या हौसेनें तिला विचारिलें, "आज काय काय पाहिलंस?" ती म्हणाली, "माकडं." मी हंसलों. अक्का मात्र हंसली नाहीं. ती म्हणाली, "तिला तिथं बसायचं होतं. तूं बसूं दिलं नाहींस."

तें वाक्य वर्षभर माझ्या मनांत राहिलें. गेल्या दिवाळींत मुलें पुन्हा येणार असें कळलें, तेव्हां मीं ठरविलें कीं, यंदा एक दिवस आणि एकच गांव. आणि गांवही असें कीं ज्याचें नांव कोणत्याही पाहुण्याच्या यादींत नसतें: आपला कसबा बावडा.

हा बेत ऐकून शेजारीपाजारी हंसले. "बावड्यांत पाहण्यासारखं आहे काय? साखर कारखान्याचं धुराडं आणि ऊस!" असें एका गृहस्थांनीं ऐकविलें. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हे. बावडा आतां महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. तेथें ना तट, ना बुरूज, ना तिकीट, ना वाटाड्या. परंतु कसबा म्हणजे खेड्याहून मोठें व शहराहून लहान असें बाजारपेठेचें गांव, आणि अशा गांवांत पोराबाळांसह पायीं हिंडतां येतें, ही सोय मोठ्या प्रेक्षणीय स्थळीं उरलेली नाहीं.

मोटार मुद्दाम घरीं ठेविली व महानगरपालिकेच्या बसनें निघालों. मोटारींत मुलें झोंपतात किंवा भांडतात. बसमध्यें तीं माणसें पाहतात. वाटेंत नवा राजवाडा लागला. काळ्या दगडाची ती घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत पाहून भाचा उतरावयाचा हट्ट धरूं लागला. "आज नाहीं," एवढेंच मीं सांगितलें. त्यास तें मुळींच आवडलें नाहीं.

आम्ही प्रथम लक्ष्मीविलास वाड्याकडे गेलों. राजर्षि शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं याच वाड्यांत झाला. भाच्यानें बसमध्येंच मोबाईलवर हें नांव घालून शोध केला होता, तों समोर आला बडोद्याचा लक्ष्मीविलास! गायकवाडांचा तो अवाढव्य प्रासाद १८९० सालीं पुरा झाला. त्याचे मनोरे पाहून स्वारी खुश झाली होती. बावड्याचा लक्ष्मीविलास दिसतांच चेहरा उतरला. "एवढाच?" मीं सांगितलें कीं, बडोद्याच्या त्या राजवाड्याचा आराखडा व मघांच्या आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा, दोन्ही मेजर मँट या एकाच माणसाच्या हातचे. या माहितीनें त्याचें समाधान झालें नाहीं, आणि तें व्हावयास हवें होतें असेंही आतां मला वाटत नाहीं. मुलांस निराशा झाली कीं ती लगोलग बुजविण्याची आम्हां वडील माणसांस फार घाई असते. त्याची निराशा मीं तशीच राहूं दिली. अर्ध्या तासानें ती आपोआप गेली.

कारण तोंवर भाचीनें प्रश्नांस आरंभ केला होता. मीं तिला एवढेंच सांगितलें होतें कीं, या घरांत जन्मलेल्या मुलाचें नांव यशवंत. तो कागलच्या घाटग्यांचा मुलगा. कोल्हापूरचे राजे चौथे शिवाजी महाराज १८८३ सालीं निवर्तले, त्यांस पुत्र नव्हता, म्हणून त्यांच्या राणी आनंदीबाईसाहेब यांनीं १७ मार्च १८८४ रोजीं यशवंतरावांस दत्तक घेतलें आणि त्यांचें नांव शाहू ठेविलें.

"तेव्हां तो केवढा होता?"

"दहावें वर्ष चालू होतें. तुझ्याएवढा."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला कुणी विचारलं होतं का?"

शाहू महाराजांवर मीं आजपर्यंत थोडीं व्याख्यानें ऐकलीं नाहींत. २६ जूनचा सामाजिक न्याय दिन दरवर्षीं येतो, पुतळ्यास हार पडतात, भाषणें होतात. परंतु नऊ वर्षांच्या मुलास विचारिलें होतें काय, हा प्रश्न एकाही व्यासपीठावरून माझ्या कानीं पडलेला नव्हता. मी निरुत्तर झालों. ती पुढें म्हणाली, "आणि त्याची आई रडली असेल." मला सांगणें भाग पडलें कीं, त्याची आई राधाबाई तो अगदीं लहान असतांनाच वारली होती. "मग भाऊ?" होता, धाकटा भाऊ, बापूसाहेब. "मग घरीं आल्यावर भाऊ त्याला यशवंत म्हणायचा कीं शाहू?"

पायरीवर बसून तीं दोघें या प्रश्नाची चर्चा करीत होतीं, आणि मी ऐकत होतों. भाच्याचें मत पडलें कीं, चारचौघांत शाहू व घरांत यशवंत. भाचीस तें पटलें नाहीं. नांव एकदां बदललें म्हणजे बदललें, असें तिचें म्हणणें. पाऊण तास आम्ही त्या वाड्यापुढें होतों, आणि त्यांतील अर्धा वेळ या वादांत गेला. पालकांपैकीं कोणी म्हणतील, हा वेळ फुकट गेला. त्याऐवजीं राज्यारोहणाचें साल, आरक्षणाचा हुकूम, माणगांवची परिषद हें पाठ करून घेतलें असतें तर परीक्षेस उपयोगी पडलें असतें. तीं सर्व सालें पाठ्यपुस्तकांत आहेत व शिक्षक तीं शिकवितातच. दाराशीं बसून त्या मुलाच्या वयाचें होणें मात्र दाराशीं बसल्याविना साधत नाहीं.

सालें सांगूं नयेत, असें माझें म्हणणें नाहीं. तीं मागितल्यावर सांगावीं. "राजा झाल्यावर त्यानें काय केलं?" असें भाच्यानें विचारिलें तेव्हां मीं सांगितलें. १८९४ सालीं राज्याधिकार हातीं आला. १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह निघालें आणि पुढें निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं एकामागून एक वसतिगृहें उभीं राहिलीं. १९०२ सालीं नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि जो बाप मुलास शाळेंत धाडणार नाहीं त्यास दरमहा एक रुपया दंड ठेविला. हें शेवटचें ऐकून भाचीस जो आनंद झाला त्याचें वर्णन करतां येत नाहीं. "दंड मुलांना नाहीं? बाबांना?" तिनें तेथूनच आपल्या आईस फोन लाविला व हा कायदा कळविला. भाचा मात्र वसतिगृहांपाशींच थांबला होता. थोड्या वेळानें म्हणाला, "त्याला दुसऱ्याच्या घरीं राहावं लागलं ना, म्हणून त्यानं मुलांना राहायला घरं बांधलीं." ही सांगड इतिहासपंडितांस कितपत मान्य होईल, कोण जाणे. माझ्या तोंडून ती आली असती तर उपदेश झाला असता. त्याच्या तोंडून आली, म्हणून मीं ती खोडली नाहीं.

तेथून गांवांतून चालत, वाटेंत एका दुकानीं चहा घेऊन, आम्ही पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर गेलों. भाकरी, खर्डा व दही बरोबर घेतलें होतें, तें झाडाखालीं बसून खाल्लें. वर्तमानपत्रें वाचणाऱ्या प्रत्येक कोल्हापुरकरास या बंधाऱ्याचें नांव ठाऊक असतें, कारण पावसाळ्यांत पंचगंगा किती चढली हें येथल्या पाण्यावरून मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ व २०२१ या दोन्ही सालीं पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें होतें. हे आंकडे भाच्यानें ऐकले मात्र, आणि तो उभा राहून आपल्या उंचीनें हिशेब करूं लागला. पांच फुटांचा एक, असे अकरा भाचे एकावर एक! खालीं शांतपणें वाहणाऱ्या पाण्याकडे पाहून त्यास तें खरें वाटेना.

पावसाळा संपून महिना झाला होता आणि बंधाऱ्यावर माणसें कामास होतीं. एका वृद्ध कामगारानें मुलांस जवळ बोलाविलें. दगडी खांबांस उभ्या खांचा आहेत. त्या खांचांत फळ्या सोडावयाच्या, त्यांस आमच्याकडे बरगे म्हणतात. बरग्यांच्या दोन रांगांमध्यें माती भरली कीं पाणी अडलें. "पावसाळा सरला कीं बरगं घालायचं, मिरगाआधीं काढायचं," तो म्हणाला. "न्हाईतर पुराचं पाणी समदं घिऊन जाईल, पोरी. नदी अडवायची बी, आन् वेळ आली कीं वाट बी द्यायची." पूर्वीं बरगे लांकडाचे असत, आतां लोखंडाचे येतात. नदी कायमची न अडवितां हंगामापुरती अडविण्याची ही रीत "कोल्हापूर पद्धतीचा बंधारा" या नांवानें महाराष्ट्रभर गेली. आमच्या जिल्ह्याचें नांव ज्या गोष्टींस लागलेलें आहे, त्यांत चपला, गूळ व तांबडा-पांढरा रस्सा सर्वांस ठाऊक. या बंधाऱ्याचें नांव किती घरांत निघतें?

मी मुलांस एवढेंच बोललों कीं, उन्हाळ्यांत येथें अडणारें पुष्कळसें पाणी राधानगरीच्या धरणांतून भोगावतीवाटें येतें, आणि तें धरण बांधावयास घेतलें तें मघांच्या वाड्यांतल्या त्याच मुलानें. मात्र पुरें झालेलें त्यास पाहावयास मिळालें नाहीं. १९२२ सालीं तो वारला. धरण पुरें होण्यास स्वातंत्र्य उजाडावें लागलें. भाची बंधाऱ्याच्या कडेस पालथी पडून पाण्याकडे पाहत होती. या वेळीं मीं तिला कपड्यांविषयीं कांहीं म्हटलें नाहीं.

एक गोष्ट सांगावयास संकोच वाटतो, पण ती लपवूं नये. "मामा, पाण्याला असा वास कां?" असें भाच्यानें विचारिलें. पंचगंगेचें प्रदूषण ही आतां गुप्त गोष्ट नाहीं. शहराचें व गांवांचें सांडपाणी, कारखान्यांचें मळीचें पाणी, सर्वांनीं मिळून तिला ही अवकळा आणिली आहे. पाहुण्या मुलापुढें आपल्या नदीची ही स्थिति मान्य करतांना मान खालीं गेली. पन्हाळ्यास नेलें असतें तर हा प्रश्न आला नसता, आणि म्हणूनच आम्ही पाहुण्यांस बहुधा अशाच जागीं नेतों, जेथें आमच्या पिढीस कांहीं विचारलें जाणार नाहीं. तटबंदी पाहून मुलें अफझलखान व सिद्दी जौहर यांजकडे बोट दाखवितात. नदी पाहून तीं आमच्याकडे दाखवितात. दोन्ही पाहूं द्यावें.

आतां आक्षेप. पहिला असा कीं, लांबून आलेला पाहुणा पन्हाळा न पाहतां कसा जाईल? २०२५ सालच्या जुलैंत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत गेले, त्यांत आपला पन्हाळा आहे. अशा वेळीं बावड्याची वाट धरणें म्हणजे गंगा सोडून डबक्यांत बुडी घेणें नव्हे काय? मी पन्हाळ्याचा द्वेष्टा नाहीं. पन्हाळा एका दिवसाचा नव्हेच, हेंच तर माझें म्हणणें आहे. दोन तासांत पन्हाळा, दोन तासांत जोतिबा असें जो दाखवितो तो दोन्ही दाखवीत नाहीं. पाहुणे पुढील सालींही येतात. गड कोठें पळून जात नाहीं. शेक्सपिअर १५६४ सालीं इंग्लंडांतील स्ट्रॅटफर्ड या लहानशा गांवीं जन्मला. तेथील एका साध्या घरासाठीं जगभरचीं माणसें जातात व दिवस घालवितात. आमच्या शहराला लागून एका राजाचें जन्मघर असतां तें पाहिलेले किती पालक हें वार्षिक वाचीत असतील, हें त्यांनीं आपल्याशींच मोजावें.

दुसरा आक्षेप माझ्या पत्नीचा. ती म्हणते कीं, दिवसभर उन्हांत पोरांस चालविणें व भाकरीवर ठेवणें यांत पाहुणचार कोठें राहिला? हा आक्षेप मला मान्य आहे. संध्याकाळीं परत आल्यावर मुलांस मिसळ खाऊं घालून त्याची भरपाई केली. पाण्याची बाटलीही मी एकच घेतली होती, ही चूक कोणीं करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही थोडें सांगावयाचें आहे, कारण दोष केवळ पालकांच्या घड्याळाचा नाहीं. भाच्यानें वाड्यापुढें पोहोंचतांच पहिलें काम केलें तें मोबाईल वर धरण्याचें. सात-आठ छायाचित्रें काढलीं आणि "झालं, चला" म्हणून तो वळलाही. बहिणीच्या प्रश्नांनीं त्यास अडविलें नसतें तर त्याचा बावडा पांच मिनिटांत संपला असता. तुम्ही जेथें जाल तेथें निदान पहिला अर्धा तास तें यंत्र आईच्या पिशवींत राहूं द्या. आणि वडिलांनीं हात धरून ओढलें, तर "मला अजून बसायचं आहे" असें म्हणावयास भिऊं नका. माझ्या भाचीनें अंबारखान्यांत तसें म्हटलें नाहीं; आठ वर्षांच्या मुलीनें मामास काय म्हणावें? तुम्ही तिच्याहून मोठे आहां.

पालकांस विनंती एवढीच कीं, पुढील सुट्टींत यादी करावयास बसाल तेव्हां ती मुलांस दाखवा व तींतील एक नांव ठेवून बाकीचीं खोडावयास त्यांनाच सांगा. मुलें काय खोडतात हें पाहण्यासारखें असतें. आमच्या घरीं हा प्रयोग नुकताच झाला. यंदाच्या दिवाळीपूर्वीं भाचीचा फोन आला. तिला पन्हाळ्यास जावयाचें होतें, परंतु सज्जा कोठी नको, तीन दरवाजा नको, जोतिबा नको, फक्त अंबारखाना. सकाळींच जायचें, म्हणजे उजेडाचा पट्टा कोठून कोठें सरकतो तें दिसेल. बरोबर सतरंजी घ्यायची. आणि उंदरांचें काय करीत असत, तें मामानें तोंवर कोणास तरी विचारून ठेवावयाचें.